पिंपातली भरती

हे कोणी वाचलंच तर माझ्या अक्षराला आणि चुकांना हसू नका. माझी शाळा चौथीत सुटली. शरयूताईंना जाऊन सव्वा महिना झाला. त्यांच्या मुलीने, मुक्ताने, आठवणी लिहायला एक वही केली आहे. चिपळूणच्या वैदेहीबाईंनी म्हणे तिच्यासाठी सात पानं पाठवली. मला त्या वहीत लिहवेना, म्हणून हे सुटे कागद. ताईंचं शेवटचं कापड अजून माझ्याकडे आहे, शिवायचं थोडं राहिलंय. तेही वैदेहीबाईंनी मागितलंय.

ताई गिरगावात, खोताच्या वाडीत राहायच्या. मी चिंचपोकळीला, बसने अर्ध्या तासावर. तरी त्या गेल्याची बातमी मला चिपळूणहून कळली. वैदेहीबाईंचा फोन आला, "तुम्हाला कळलंच असेल..." मला कळलं नव्हतं. रडू यायच्या आधी मनात आलं, मुक्ताने हिला आधी सांगितलं. असं मनात यायला नको होतं, पण आलं.

आमचं तिघींचं काम फोनवर चालायचं. ताई चित्रकार, पण दम्यामुळे घराबाहेर पडत नसत. वैदेहीबाई चिपळूणजवळ नदीकाठी राहतात. तिथल्या पाल्याने कापड रंगवून त्या कुरिअरने पाठवायच्या, आणि फोनवर नदीचा आवाज. मी भरतीची वेळ बघून वडाळ्याला मिठागरांकडे जायची आणि खाडीचा आवाज पाठवायची. ताई दोन्ही पाणी ऐकत त्या कापडावर खडूने रेघा ओढायच्या. मुक्ता ऑफिसला जाताना कापड माझ्याकडे टाकायची, आणि मी त्या रेघांवरून गोधडीचा दोरा घालायची. तिघी कधी एका खोलीत बसलो नाही.

ताई मला रोज फोन करायच्या, पण बोलायच्या वैदेहीचं. "काय नदी पाठवलीय गं तिने, ऐक तरी." मी ऐकायची. खळाळणारं पाणी, मध्येच एखादा पक्षी, आणि मग त्या बाईचा शिकलेला आवाज, पाण्याचा रंग सांगणारा. माझी खाडी मुकी. चिखलात पाणी चढतं ते गुपचूप. भर उन्हात तासभर फोन धरून बसायची आणि यायचं काय, तर वारा आणि लांबची मालगाडी. "छान आहे हं," ताई म्हणायच्या, लहान पोराच्या चित्राला म्हणतात तसं.

एका भरतीला मी गेलेच नाही. सकाळी नळाला पाणी आलं तसा फोन मोरीच्या कट्ट्यावर ठेवला, पिंपात नळी सोडली आणि तेच पाठवून दिलं. म्हटलं, आज मोठी भरती होती. लगेच ताईंचा फोन. "आज तुझी खाडी बोलली गं." त्या दिवशी वैदेहीचं नाव निघालं नाही. मला इतका आनंद झाला, आणि दुपारी घास गेला नाही.

पुढच्या कापडावर एका बाजूला नदीच्या रेघा आल्या, दुसऱ्या बाजूला माझ्या पिंपाच्या. तीन आठवडे मान खाली घालून शिवत होते. मग ताईंचं दुखणं वाढलं म्हणून भेटायला गेले. उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्यासमोर तोच आवाज लावला.

"बघ, आवाज कसा बारीक होत चढतो. पिंप काठाशी आलं की होतो तसा. आणि शेवटी तू नळ बंद केलास. भरतीचा नळ कोण बंद करतं गं?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तोंडातून निघालं ते एवढंच, "वैदेहीबाईंना कळलं?"

ताई इतक्या हसल्या की ढास लागली. घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या, "तिला काय कळणार? तिच्या दारात नदी. जन्मभर पिंपं भरली ती तू न् मी." मग म्हणाल्या, "राहू दे तसंच. शिव." तीच आमची शेवटची भेट...

नदीची बाजू कधीच झाली. पिंपाची वीतभर उरली आहे. रोज सुई ओवते आणि ठेवून देते. संपलं की जाणार. मुक्ताने दोनदा विचारलं, "मावशी, कुठवर आलं?" मी म्हणते, डोळे दुखतात.

काल ठरवलं, पुरं करायचं आणि वैदेहीबाईंना द्यायचं. कापडाचा रंग तिचा, नदी तिची, नाही म्हणायला मला तोंड नाही. पण सोबत काही सांगणार नाही. ती त्या बाजूवरून हात फिरवील, ही वडाळ्याची खाडी म्हणून लोकांना दाखवील, भरतीबद्दल चांगलं चांगलं बोलेल. बोलू दे. मुक्ताच्या वहीत मी दोनच ओळी लिहीन, की ताई फार मायेच्या होत्या. पिंपाचं लिहिणार नाही.