विमानाचं आवतण

पानमळ्यातली संध्याकाळ जमिनीकडून वर चढते. आधी पाटातलं पाणी काळवंडतं, मग शेवरीला बिलगलेल्या वेलींची खालची पानं, मग वरची. आणि तो गार, तिखटसर, किंचित औषधी दरवळ श्वासात भरून घेत मी निमगाव केतकीतल्या आमच्या मळ्याच्या बांधावर येते, तेव्हा भोवतालचा ऊसही अंधुक झालेला असतो. अशा वेळी मान वर करून पाहावं! फार उंचावरून एखादं विमान निघालेलं असतं आणि ते अजून लख्ख उन्हात असतं. खाली आपल्याकडे दिवेलागण झालेली, गोठ्यात धारांची घाई, आणि तिथे वर मात्र दिवस मावळायला तयार नाही. त्या सोनेरी ठिपक्यातली माणसं कुठे निघाली असतील? त्यांना खाली आमचं निमगाव दिसत असेल का? की पडदे ओढून झोपली असतील मेली?

हा चौकसपणा माझ्या पेशाने मला दिला. बारामतीच्या एका शाळेत मी उभी हयात भूगोल शिकवला. निळ्या खडूने महासागर रंगवले, लाल खडूने त्यांतले उष्ण प्रवाह सोडले, आणि पृथ्वीच्या गोलावर बोट टेकवून मुलींना घरबसल्या जग फिरवून आणलं. माझी स्वतःची मजल मात्र पूर्वेला तुळजापूर आणि पश्चिमेला गणपतीपुळे! वर्गातली एखादी धीट मुलगी हटकून विचारायची, की बाई, तुम्ही पाहिलाय का हो पॅसिफिक? मी हसून धडा पुढे न्यायची. पण खरं सांगू का, तुम्ही घरचे म्हणून सांगते, तो प्रश्न दिवसभर पायात काट्यासारखा सलत राहायचा. न पाहिलेल्या समुद्राची खोली पाठ असणं यात कसलं आलंय शहाणपण?

निवृत्त झाले तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या लेकीने, प्राजक्ताने, एक भलतीच गोष्ट माझ्या कानावर घातली. आमच्या यांचं बारामतीत ठिबक सिंचनाचं दुकान आहे. नळ्या, फिल्टर, खतं, सगळा माल गेली कित्येक वर्षं बँकेच्या कार्डावर येतो, आणि त्या कार्डाचे पॉइंट एका विमान कंपनीच्या खात्यात गुपचूप जमा होत राहतात. खातं तिनेच पूर्वी कधीतरी उघडून दिलेलं. आम्ही ते विसरूनही गेलो होतो. आता ते पॉइंट इतके साठले होते, की त्यांत दोन माणसं पृथ्वीला पुरता वेढा घालून येतील, असं ती म्हणाली. मी हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिले!

आता या खात्याची एक गंमत ऐका. आमच्या घरात जे काही आहे ते आबांच्या नावावर आहे. आबा म्हणजे माझे सासरे. जमीन त्यांच्या नावावर, साखर कारखान्याचा शेअर त्यांच्या नावावर, गॅसची टाकी, विजेचं मीटर, बारामतीचं दुकान, सगळं त्यांच्याच. थोरला माणूस बसलेला असताना कागदावर दुसऱ्या कुणाचं नाव घालणं आमच्याकडे कुणाला सुचतच नाही. साहजिकच कार्ड त्यांच्या नावाचं निघालं आणि विमानाचं खातंही त्यांच्याच नावाचं. तरुणपणी मेंढरांमागे घाट उतरून कोकणापर्यंत पायी गेलेला, पुढे मेंढरं विकून पानमळा लावलेला हा माणूस विमानाच्या सावलीतसुद्धा कधी उभा राहिला नव्हता, आणि कंपनीच्या लेखी मात्र तो मोठा मानाचा उडणारा सदस्य! दर वाढदिवसाला त्यांच्या फोनवर संदेश येई, की आम्ही आपली वाट पाहत आहोत. घरात जे कुणी असेल ते तो वाचून दाखवी, सगळे खदखदून हसत, आणि आबा गंभीरपणे मान डोलावत.

जगप्रदक्षिणेच्या तिकिटाचे नियम वाचले आणि मी त्या नियमांच्याच प्रेमात पडले. एकदा जी दिशा धरली ती सोडायची नाही, मागे फिरायचं नाही. दोन्ही महासागर ओलांडायचे. मुक्काम मोजकेच, आणि शेवट ज्या देशातून निघालो त्याच देशात. किती देखणी, किती निग्रही अट ही! सकाळचा चहा झाला की मी संगणकापुढे बसे. कंपन्या पॉइंटवाल्यांसाठी थोड्याच जागा सोडतात, आणि त्या कधी सोडतील याचा नेम नसतो. पण ऊसतोडीची टोळी आज येईल की उद्या, या प्रतीक्षेत पिढ्या घालवलेल्या घराला हे काय नवीन? मी वाट पाहिली. इस्तंबूलला सकाळी उतरावं की तिन्हीसांजेला, याचा खल भाकरी थापताना केला. एखादी जागा सुटलेली दिसली की काळजात लख्ख व्हायचं, आणि पाणी पिऊन येईस्तोवर ती गेलेली असली की कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार. मला तर वाटतं, अर्धा प्रवास या आखणीतच होतो. त्यात पाय दुखत नाहीत, सामान हरवत नाही आणि प्रत्येक शहरात हवा छान असते.

आमचे हे मात्र या साऱ्यात जेमतेमच रमले. जत्रेतल्या पाळण्यात बसले तरी डोळे मिटून घेणारा माणूस! पण माझ्या हौसेपुढे त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. आम्ही दोघांनी जायचं, इतकं ठरलं. पॉइंटची मुदत वर्षअखेरीस संपणार होती, तेव्हा त्याआधी तिकिटं काढणं भाग होतं, आणि जागा जुळल्या त्या रविवारी आम्ही बारामतीहून गाडी काढून निमगावला गेलो. कारण खातं आबांचं, म्हणजे तिकिटाचा ओटीपीही येणार आबांच्याच फोनवर, आणि तो फोन असतो त्यांच्या बंडीच्या खिशात.

आबा ओसरीवर पानांच्या जुड्या बांधत बसले होते. यांनी घाईघाईत सांगितलं, की फोनवर एक नंबर येईल तेवढा वाचा. आबांनी विचारलं, कसला नंबर. मग यांना सगळंच सांगावं लागलं: विमान, पॉइंट, जपान, अमेरिका, लंडन, आम्ही दोघं. आबांचे हात थांबले. त्यांनी जुडी बाजूला ठेवली.

"आवतन कुणाला हाय?" ते म्हणाले. "दर सालाला माझ्याच नावानं येतंय न्हवं? बोलावनाऱ्याकडं आपन एकदाबी गेलो न्हाय. बरं दिसतं का ते?"

हे आधी हसले, आणि मग आबांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचं हसू जागीच विरलं. इतकी वर्षं ज्या संदेशावर आम्ही खिदळत होतो, तो या माणसाने लग्नाच्या अक्षतांसारखा मानून घेतला होता. आमच्या भागात आवतण आलं की जावं लागतं. पाऊस असो, पाणी लावायची पाळी असो, घरटी एक माणूस तरी उभं राहून यायलाच हवं. आणि इथे वर्षानुवर्षं कुणीतरी आदराने बोलावतंय आणि घरातलं कुणी फिरकत नाही, याची त्यांना मनातून लाज वाटत होती. आम्ही त्यांच्या नावावर सगळं ठेवलं होतं, फक्त त्यांना काही विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

त्या दिवशी तिकिटं निघाली नाहीत. आबांनी जायचं, यात प्रश्नच नव्हता. आणि तिकिटं दोन. म्हाताऱ्या माणसासोबत कुणीतरी हवं, तर मुलगाच जाणार, हेही आपोआप ठरून गेलं. सून सासऱ्याबरोबर जगभर फिरते, असं कुठे कुणी ऐकलंय का? मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण वाईट वाटलं हो! परतताना यांच्या दुकानाच्या कामासाठी भिगवणकडून वळसा घेतला. तिथे खिडकीतून उजनीचं पाणी दिसलं, आणि त्या पाण्यावरून इतक्या दूरदेशीहून आलेले रोहित पक्षी उठले, तेव्हा मला त्यांचाही राग आला.

तुम्ही म्हणाल, हिने आखणी सोडून दिली असेल. छे! राग धरायला बसले असते तर संसार कधीच झाला नसता. मी नव्याने बसले, आता आबांसाठी. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून लांबचे टप्पे तोडले. जेवण शाकाहारी मिळेल ते पाहिलं. पानं बरोबर नेता येणार नाहीत, परक्या देशांत हिरवं पान जप्त करतात, हे कळल्यावर आबांनी एक दिवस अबोला धरला. त्यांच्या शंका यांच्यामार्फत येत, कारण सासरे-सुनेने समोरासमोर बोलत बसायची आमच्याकडे रीत नाही. "तिला इचार," अशी सुरुवात करून ते मी शेजारीच उभी असताना यांना प्रश्न घालत, आणि मी यांच्याकडे बघून उत्तर देई. मधल्यामध्ये यांचा पुरता टपाल्या झाला.

आबांची पहिली अट, की प्रदक्षिणा उजवीच हवी. मी पूर्वेकडे निघणारा मार्ग जुळवला होता, तो साफ उलटा निघाला! मी कपाटातून पृथ्वीचा गोल काढला, त्यावर बोट फिरवलं आणि पाहिलं, तर पश्चिमेकडे तोंड करून चाललं की ध्रुव उजव्या हाताला राहतो. ध्रुवाला उजवीकडे ठेवून जायचं, म्हणजे सूर्याच्याच वाटेने. सारा मार्ग फिरवावा लागला, आणि खरं सांगते, तो आधीपेक्षा गोड झाला. दुसरी शंका याहून बिकट. पश्चिमेकडे जाताना पॅसिफिकवर एक अख्खा दिवस गळून पडतो. आमच्या मार्गात गळणार होता नेमका सोमवार, आणि आबांचा तर सोमवारचा उपास! उपास मोडला म्हणायचा की घडला म्हणायचा? शाळेत वाररेषा मी शंभरदा शिकवली असेल, पण हा प्रश्न कुणी काढला नव्हता. मी उत्तर पाठवलं, की दिवसच नसेल तर जेवणही नाही, म्हणजे उपास आपसूक घडला. आबा त्यावर मनापासून हसले, असं यांनी येऊन सांगितलं. त्या हसण्याने मला उगाचच बरं वाटलं.

असे दोन महिने गेले. एरवी एकमेकांच्या सावलीलाही अदबीने बाजूला होणारी आम्ही दोन माणसं, त्या महिन्यांत रोज मनाने एकाच विमानात बसून होतो. कुठल्या शहरात थंडी असेल, कुठे गुडघ्याला विसावा मिळेल, कुठे समुद्र खिडकीतून दिसेल, हे आम्हा दोघांनाच पाठ होतं. ज्यांना खरोखर जायचं होतं ते बिचारे आमचे हे, त्यांना इस्तंबूल आधी की लंडन आधी, हेही सांगता आलं नसतं.

शेवटी सगळ्या टप्प्यांच्या जागा एकदम जुळून आल्या आणि पुन्हा एका सकाळी आम्ही निमगावच्या ओसरीवर बसलो. मी मांडीवर संगणक घेतला. पहिलं नाव आबांचं घातलं, दुसरं यांचं. बटण दाबलं आणि आबांच्या बंडीत फोन वाजला. यांनी हात पुढे केला. आबांनी फोन काढला, डोळ्यांपुढे लांब धरून नंबर पाहिला, आणि मुठीत झाकून घेतला.

"दुसरं नाव कुणाचं घातलंय?" त्यांनी विचारलं.

यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून सांगितलं, माझं.

"तुला वाट म्हाईत हाय का?"

मी अजिजीने म्हटलं, आबा, तो नंबर लवकर शिळा होतो. तर ते यांना म्हणाले, होऊ दे शिळा, दुसरा येईल. यांनी दबक्या आवाजात लोक काय म्हणतील असं काहीतरी काढून पाहिलं. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मधे कुणालाही न घालता, सरळ माझ्याकडे.

"मास्तरीणबाई, वाट तुमी काढलीया. मी तुमच्यासंगं जानार. तुमचं नाव घाला, मग नंबर सांगतो."

मी यांचं नाव पुसलं. यांनी एक सुस्कारा सोडला, आणि तो सुटकेचा होता हे ओसरीवरच्या कुणापासूनही लपलं नाही. रिकाम्या चौकटीत मी माझं नाव लिहू लागले. या घरातल्या कुठल्याच कागदावर ते कधी आलं नव्हतं, आणि आज ते आबांच्या नावाखाली एकेका अक्षराने उमटत होतं. नवा नंबर आला. आबा एकेक आकडा सावकाश, मोठ्याने सांगू लागले. मी दाबत गेले, पण शेवटचे दोन आकडे मला दिसेनात. पदराने डोळे पुसले तरी दिसेनात. ते यांनीच माझ्या खांद्यावरून हात घालून दाबले.