दहाव्याला राहिलेली गोष्ट

आमच्या गावात माणूस गेलं की चार दिवसांनी त्या घरातलं कोणीतरी माझ्या अंगणात येऊन उभं राहतं. सुतक असतं म्हणून ओट्यावर चढत नाही, चहाला नको म्हणतं. "गुरुजी, सोमवारी दहावा हाय. तुमी दोन शब्द बोलायचे." मी मान हलवतो. निवृत्त मास्तराला गावात एवढंच काम उरलं होतं आणि ते मला आवडत होतं, खोटं कशाला सांगू?

आमच्या भागात दहावा म्हणजे लहानशी सभाच. नदीला पाणी असो नसो, बंधाऱ्याजवळच्या घाटावर मांडव पडतो, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग माइकवर श्रद्धांजलीची भाषणं. पुढाऱ्यांना एका सकाळी तीन-तीन दहावे उरकायचे असतात, त्यामुळे ते गाडीतून उतरताना ड्रायव्हरला विचारतात, कोण वारलं म्हणून. एकाने तर मेलेल्याच्या थोरल्या भावालाच श्रद्धांजली वाहिली. तो बिचारा डोक्यावर टॉवेल घेऊन पहिल्या रांगेत बसला होता.

माझं तसं नव्हतं. मी दोन दिवस आधी त्या घरी जायचो, बायकांजवळ बसायचो आणि विचारायचो, शेवटचं भांडण कशावरून झालं? जेवायला काय आवडायचं? यंदा उन्हाळ्यात एसटीचे एक जुने ड्रायव्हर गेले. निवृत्तीनंतरही कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. मुक्कामी बस गावात शिरताना ते पारावर उभे राहून नव्या पोराने गिअर कसा टाकला ते कान देऊन ऐकायचे आणि घरी जाऊन बायकोजवळ त्याला शिव्या घालायचे. त्यांच्यामागे महिन्याभरात एक म्हातारी गेली. ती मोबाईल झिजू नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवायची आणि रविवारी लेकीच्या फोनपुरता बाहेर काढायची. लेक इतर दिवशी फोन करून करून रडकुंडीला यायची. हे सांगितलं की मांडवात आधी हसू फुटायचं आणि मग पदर डोळ्यांना लागायचे. माणसं म्हणायची, गुरुजींनी मेलेलं माणूस उभं केलं.

दिवाळीनंतर तो अंगणात आला. माझाच विद्यार्थी, आता स्वतःचा टेम्पो चालवतो. त्याची आई गेली होती. आमच्या शाळेत खिचडी शिजवायची, तिला सगळी शाळा मावशी म्हणायची, मीसुद्धा.

"गुरुजी, आईनं सोताच सांगून ठिवलंय," तो म्हणाला. "दवाखान्यात म्हनली, दहाव्याला गुरुजींनाच बोलाया लाव. त्यांना माझं समदं ठाव हाय. एक गोष्ट ते सांगतील, म्हनली."

"कोणती?"

"ते न्हाई सांगितलं."

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि तो गेला. मी ओट्यावर बसून राहिलो. कोणती गोष्ट, ते मला विचारायची गरजच नव्हती.

गोष्ट जुनी, तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली होती. धान्याच्या खोलीच्या पत्र्यातून पाणी गळून कोपऱ्यातल्या तांदळाच्या पोत्यात मुरलं होतं आणि नवा तांदूळ आलेला नव्हता. त्याच दिवशी तालुक्याहून साहेब भेटीला येणार होते. मावशींनी सुपात तांदूळ घेतला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे आल्या.

"गुरुजी, ह्याला कुबट वास मारतोय. आज पोरं घरी जाऊंद्या जेवाया."

मी म्हणालो, "साहेब यायच्या वेळी चूल पेटलेली दिसली पाहिजे. चार पाण्यांनी धुवा, हळद जास्त टाका."

"पर गुरुजी…"

"मी सांगतो तेवढं करा."

त्यांनी केलं. साहेब आलेच नाहीत. दुपारी चौथीच्या वर्गातून ओकाऱ्यांना सुरुवात झाली आणि तासाभरात व्हरांड्यात पोरं आडवी पडली. मिळतील त्या जीपमध्ये घालून त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. माझ्या जीपमधली पोरं एकमेकांच्या अंगावर कलंडत होती आणि मी पुढच्या सीटवर बसून मनात जबाब तयार करत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं बरी होऊन घरी आली, तेवढी एक गोष्ट चांगली झाली.

चौकशी लागली. जबाब मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिला: मदतनीस बाईंनी तांदूळ न निवडता, न धुता, मुख्याध्यापकांना न विचारता शिजवला. मावशींना बोलावलं. सही तेवढी त्यांना येत होती, कारण मीच त्यांना साक्षरतेच्या वर्गात शिकवली होती. कागदावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय लिवलंय, गुरुजी?"

"जे झालं ते," मी म्हणालो.

त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली. काना द्यायचा राहिला होता, तो मी दाखवल्यावर दिला.

त्यांचं काम गेलं. आठवड्याभराने कोणीतरी तो जबाब त्यांना वाचून दाखवला असणार, कारण त्या एकदा शाळेच्या फाटकापर्यंत आल्या, उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. त्या दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या. पुढे दरवर्षी जात राहिल्या, पाठ वाकली तरी. पावसाळ्यात गावात असायच्या, पण गावाने त्यांच्या हातचं खायचं सोडलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका मिळून पोळ्या लाटतात, भाजी चिरतात. मावशी आल्या की कोणीतरी म्हणायचं, तुमी भांड्यांकडं बघा. एवढ्या वर्षांत त्यांचा हात पिठाला लागला नाही. मी पंगतीत बसलेला असायचो आणि त्या लांब राखेने पातेली घासत असायच्या. नजर गेली तर म्हणायच्या, "जेवलात का, गुरुजी?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दहाव्याच्या सकाळी मी खिशात कागद घेऊन गेलो. आयुष्यात कधी कागद बघून बोललो नव्हतो, पण या वेळी लिहून नेलं होतं, म्हणजे पाय मागे घेता येणार नाही. मांडव भरला होता. प्रवचन झालं, एक पुढारी बोलून गाडीत बसला आणि माझं नाव पुकारलं.

सुरुवात ठीक झाली. मावशी पोरांना पळीभर जास्त कशा वाढायच्या, कोण घरून उपाशी आलंय ते त्यांना चेहऱ्यावरून कसं कळायचं, ते सांगितलं. मग म्हणालो, "तांदूळ निवडण्यात त्यांच्याइतकी काटेकोर बाई मी पाहिली नाही."

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. दुसरा काहीतरी कुजबुजला आणि ते हसू पुढे सरकत आलं. उघड कोणी हसत नव्हतं, खाली माना घालून हसत होते. मला चांगलं ठाऊक होतं ते कशाला हसतात. माझी गोष्ट इथेच सुरू व्हायची होती. खिशातला कागद बोटांना लागत होता. समोर माझे विद्यार्थी, त्यांचे बाप, माझे व्याही. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "अशा या कष्टाळू माउलीच्या आत्म्यास शांती लाभो." हे वाक्य पुढाऱ्यांच्या तोंडी ऐकून मी कितीदा नाक मुरडलं होतं.

मग पिंड ठेवला. पानावर भात, वर दही, आणि सगळे कावळ्याची वाट बघत लांब उभे राहिले. मी हयातभर पोरांना शिकवलं की कावळा भुकेने येतो, मेलेल्याच्या इच्छेने नाही. बाभळीवर दोन कावळे बसले होते. खाली येईनात. मुलगा हात जोडून म्हणाला, "आये, धाकटीचं लगीन मी करीन." मग सून म्हणाली, "तुमच्या शेळ्या इकनार न्हाई." भाऊ म्हणाला, जाऊ म्हणाली. कावळे हलले नाहीत. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, तरी मला वाटत होतं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. मी पुढे झालो आणि ओठातल्या ओठात म्हणालो, "मावशी, सांगतो." कावळे तिथेच बसून राहिले. ऊन तापायला लागलं, लोक घड्याळं बघू लागले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला.

पंगती उठल्या. मी पानावरचा भात नुसता चिवडत बसलो होतो. बाहेरून आणलेल्या आचाऱ्याने केला होता. मोटारसायकली घाटाच्या चढाने एकामागून एक निघाल्या. मुलगा माझ्या पानाजवळ येऊन उकिडवा बसला.

"गुरुजी, आई म्हनली हुती ती गोष्ट? ती ऱ्हायलीच की."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच वाटलं असावं की मी विसरलो. की त्याला सगळं ठाऊक होतं? मला अजून कळलेलं नाही. मी पानावरून उठलो, हात न धुता माइकपाशी गेलो. माइकवाला वायर गुंडाळत होता. म्हणाला, "कनेक्शन काढलंय, गुरुजी."

मग मी तसाच ओरडलो. मास्तराचा आवाज, अजून लांब जातो. तो तांदूळ खराब आहे हे मावशींनी मला सांगितलं होतं. मीच शिजवायला लावला. जबाब खोटा होता, तो मी लिहिला होता. कागद खिशातच राहिला, वाचायची गरजही पडली नाही.

ऐकायला माइकवाला होता, मांडवाच्या दोऱ्या सोडणारी दोन माणसं होती, मुलगा होता, आणि नळापाशी भांडी घासणाऱ्या चार-पाच बायका. ज्यांच्या शेजारी बसून मावशींनी इतकी वर्षं पातेली घासली, त्याच त्या. त्यांचे हात थांबले. मुलगा मान खाली घालून उभा राहिला.

त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई म्हणाली, "आमाला कशाला सांगता, गुरुजी? आमाला तवाच ठाव हुतं. ज्यांना सांगाया पायजे हुतं, ते जेवून गेले."

आणि तिने पुढचं पातेलं ओढून घेतलं.