‘हाव’ तोकडं पडलं तेव्हा

चिखलीच्या स्टँडवर बाबांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली. मी आत जाऊन बसले, तर आई खिडकीशी उभी राहून "पोचली की सांगजो" एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होती. बाबा तिच्याजवळ नव्हते. ते बसला एक फेरी मारून आले, टायर पाहिले, आणि ड्रायव्हरला "ब्रेक बराबर हायेत ना?" असं विचारून त्याला चिडवून आले. मुलीला पुण्याला पाठवताना जे काय बोलायचं होतं, ते त्यांनी ड्रायव्हरशी बोलून घेतलं. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. देऊळगाव राजा मागे पडेपर्यंत मला रडू आलं नाही, नंतर जालन्यापर्यंत थांबलं नाही.

पुण्यात माझं ‘मले’ आठवडाभरात ‘मला’ झालं. होस्टेलच्या मुली मला ‘का’ऐवजी आमचं ‘काऊन’ पुन्हा पुन्हा म्हणायला लावायच्या आणि हसायच्या. वाईट नव्हत्या त्या, पण मी शहाणी झाले. आता वाकडला फ्लॅट आहे, सकाळी ऑफिसच्या टीमचा स्टँडअप कॉल असतो, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगची भांडणं असतात आणि मी वाक्याची सुरुवात ‘ॲक्च्युअली’ने करते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून आले, त्यांना हे सांगायची गरज नाही. जे तिथेच राहिले, त्यांनी हसून घ्यावं.

मग ‘घाटवाट’ सापडली. बुलडाण्याच्या एका हौशी माणसाने चालवलेली ही आपल्या जिल्ह्यातल्या लोकांची वेबसाइट. जिल्ह्याचे घाटाने जसे दोन भाग केलेत तसे तिथेही दोन कट्टे होते, एक ‘घाटावर’ आणि एक ‘घाटाखाली’. आम्ही चिखलीजवळच्या उंद्रीची माणसं वरची. खालच्यांमध्ये जळगाव जामोदचे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे जामोदवाले म्हणत. वरच्यांनी त्यांना उन्हावरून डिवचायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं, "आमच्याकडं संत्रा हाये बे, तुमच्याकडं काय, नुसती हवा." दिवसभर शुद्ध मराठीत आणि इंग्रजीत काम केल्यावर तिथे जाऊन ‘मले’ लिहिलं की मला पायातले बूट काढल्यासारखं वाटायचं.

आई गेल्यानंतर मी बाबांच्या फोनवरही ती साइट लावून दिली. फोनवर बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. जेवलात का, हाव. औषध घेतलं का, हाव. बरं, ठेवतो. घाटवाटेवर मात्र ते रोज सकाळी यायचे आणि लिहायचे, "आभाळ हाये. पाणी नाही." किंवा नुसतंच, "धुकं हाये." त्याखाली एकेक जण ‘हाव’ लिहून जायचा. ‘हाव’ म्हणजे आमच्याकडचं ‘हो’, आणि इथे त्याचा अर्थ वाचलं, मी आहे, चालू द्या. उंद्रीच्या आभाळाशी जामोदवाल्यांना काही देणंघेणं नव्हतं, तरी त्यांचा ‘हाव’ चुकत नसे. मलाही बाबा इतरांसारखंच ‘पुणेकर ताई, तुम्ही’ म्हणत. आम्ही बापलेक आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं. घरची खबर मला अशी चारचौघांतून मिळायची आणि ते आम्हा दोघांनाही सोयीचं होतं.

यंदा चालकांनी जाहीर केलं, की जुनं सॉफ्टवेअर थकलंय, परदेशी गोळ्यांच्या जाहिराती घुसतायत, आपण नव्यावर जातोय. एका सकाळी सगळं बदललं. पान पांढरंशुभ्र, प्रत्येकाच्या नावाआधी रंगीत गोल आणि त्यात एक अक्षर. जुने सगळे लेख सुखरूप आले होते. फक्त कट्टे गेले होते आणि वरचे-खालचे एकाच रांगेत उभे होते. जामोदवाल्यांनी विचारलं, "घाट कोणं उचलून नेला?" त्यांच्या नावाखाली त्या वेळी ‘नवा सदस्य, स्वागत करा’ असं झळकत होतं. मग काही जणांनी त्यांचं रीतसर स्वागतही केलं.

पण खरी पंचाईत ‘हाव’ची झाली. ‘हाव’ लिहून बटण दाबलं, की यंत्र सांगायचं, मजकूर फार लहान आहे, किमान वीस अक्षरं लिहा. चालक म्हणाले, सेटिंग सापडली की बदलतो. ती त्यांना सापडेना. तोवर लोकांनी ‘हाव’पुढे टिंबांची रांग लावायला सुरुवात केली. कुरकुर करणाऱ्यांना मी समजुतीचे चार शब्द लिहिले. पहिले काही दिवस परकं वाटतं, मग सवय होते, वगैरे. एकदा गाव सोडलेल्या माणसाला असला सल्ला द्यायची फार खुमखुमी असते.

माझ्या लक्षात यायला आठवडा गेला, की उंद्रीचं आभाळ आलेलंच नाही. मी वर-खाली शोधलं. बाबांचे जुने सगळे लेख होते, नवा एकही नव्हता. तेव्हा मी घाबरले. तब्येतीची काळजी नव्हती, शेजारच्या काकू लक्ष ठेवतात. भीती वेगळीच होती. ते आता आलेच नाहीत, तर आमच्यात उरणार होता तो फक्त फोन, आणि फोनवर आमचं काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

रविवारी मी फोन केला. म्हटलं, "बाबा, नव्या जागी तुम्ही काऊन नाही येऊन राह्यले?"

"आलतो," ते म्हणाले. "तीनचार खेपा लिहिलं. थे म्हणते तुमचं बोलणं तोकडं हाये. म्हटलं बरं, राह्यलं."

त्यांना राग आलेला नव्हता. लग्नाच्या मांडवात कुणी ‘ही रांग पाहुण्यांची’ म्हणालं की माणूस जसा मुकाट्याने उठतो, तसे ते उठून आले होते. मी त्यांना टिंबांची युक्ती सांगितली.

"काट्यावर गोटा ठेवून कापूस मोजाचा काय? खोटं वजन मले नाही जमत."

"मग खरंच लिहा. जरा जास्त लिहा."

"जास्त काय लिहू?"

मी ‘ॲक्च्युअली’ने सुरुवात केली. ते म्हणाले, "बरं, ठेवतो."

बुधवारी सकाळी स्टँडअप चालू होता, माझी पाळी आली होती, आणि स्क्रीनवर बाजूच्या खिडकीत बाबांच्या नावाचा गोल दिसला. त्यांनी लिहिलं होतं:

"आभाळ हाये. पाणी नाही. आता जास्त लिहा म्हणतेत तं लिहितो. तुही माय गेली, तू पुण्याले. घरात आवाज नाही. म्हणून मी रोज इथं येतो."

चारचौघांत त्यांनी मला ‘तू’ म्हटलं होतं. मॅनेजरने विचारलं, ऐकू येतंय ना, मी ‘हो’ म्हटलं आणि कॅमेरा बंद केला. खाली मी ‘हाव’ लिहिलं, तोकडं वाटलं, पुसलं.

इतकी वर्षं मी समजत होते, की घर उंद्रीला आहे, बाबा त्यात बसलेले आहेत आणि मी लांबून ते बघायला घाटवाटेवर जाते. ते त्याच घरात, त्याच ओसरीवर बसून घर शोधत तिथे येत होते. मी निघाले तेव्हा गावातून एक माणूस बाहेर पडलं असा माझा हिशेब होता. बाबा उंद्रीतून हललेही नाहीत, आणि घर त्यांचंही सुटलं.