रुमालाखालचा ठ

साखरेनं माझे डोळे नेले, त्याला तीन वर्षं झाली. तोवर मी गुरांच्या बाजारात दलाल होतो. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. जे केलं ते स्वतः केलं. डोळे गेल्यावर बायको पेपर वाचून दाखवू लागली. यांचा पारा चढू देऊ नका, असं डॉक्टरांनी तिला बजावलेलं. मग मी भडकेन अशी प्रत्येक बातमी ती गाळायची. महिनाभर जगात फक्त लग्नं आणि हवामान चालू होतं. आता आपल्याच बोटांनी वाचायचं, असं मी ठरवलं आणि बदनापूरहून जालन्याला ब्रेलच्या वर्गाला जाऊ लागलो.

शिकवणाऱ्या मॅडम जन्मांध, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी माझं बोट एका आकारावर ठेवलं. उजवीकडे तीन टिंबं, डावीकडे मधलं एक. "काका, हा ठ."

मी आठवडाभर ठ घोटला. पुढच्या आठवड्यात इंग्रजीचा तास. तोच आकार, आणि मॅडम म्हणतात, "हा डब्ल्यू."

"मागल्या हप्त्यात तं ठ म्हणून दिल्ता!"

"मराठीत ठ, इंग्रजीत डब्ल्यू. अरबीत हाच 'वाव' नावाचं अक्षर होतो. टिंबं सहा, आकार त्रेसष्ट, आणि भाषा केवढ्या! भागवावं लागतं, काका."

"एकच बैल तिघांना विकणाऱ्याला आमच्या बाजारात काय म्हणतात, माहीत हाय का?"

"नाही. पण तो तिघांकडे काम करत असेल तर मला हवाय."

मी काठी उचलली आणि निघालो.

रागातच बाजारात गेलो. आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि बोटं धरून आकडा सांगतात. एका ओळखीच्या शेतकऱ्यानं माझी पाचही बोटं धरली.

मी हात झटकला. "पन्नास हजार? सोन्याचा बैल हाय का?"

"बैल कुठला, शेठ? बोकड हाय! पाच हजार म्हणून राह्यलो. डोळे गेले ते गेले, नाकबी गेलं का? आधी जनावर कोणतं ते तं इचारा!"

आजूबाजूचे सगळे हसले. पाच बोटं बोकडाला पाच हजार, बैलाला पन्नास. हे नव्या दलालांना मीच शिकवलेलं. डोक्यात ठ घोळत होता, म्हणून घोटाळा झाला.

पुढच्या तासाला हजर झालो. बोट कागदावर ठेवण्याआधी विचारलं, "भाषा कोणती?"

"आलात का!" मॅडम म्हणाल्या.

"आलो. पण चूक तुमचीच. भाषा आधी बघायची, हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा पंख्याखालच्या खुर्चीवरून भांडत होता."

हे मला मान्य नाही. आजही नाही.

काही महिन्यांनी ब्रेलमधलं मराठी पाक्षिक घरी आलं. पहिल्याच पानावर गुरांच्या बाजाराची जागा बदलण्याची बातमी! तिसऱ्या शब्दालाच माझं डोकं तापलं. बायको स्वयंपाकघरातून आली.

"आहो, काय लिव्हलंय?"

"बाजार गावाबाहेर हलवणार म्हणे!"

"हलवणार, का न्हाई हलवणार?"

बोट पुढं सरकवलं. ते अजून वाक्याच्या मधेच होतं.

"थांब जरा. शेवटचा शब्द यायचाय."

"मंग तवर चहा घ्या," ती म्हणाली आणि समोर बसून राहिली.