चिंचेने घासलेलं पावडर मेजर

"आई, अगं हे काय केलंस!"

डायनिंग टेबलावर पाट. पाटावर माझा स्क्रूड्रायव्हर, कॅमेरा, भाजीची सुरी आणि मधोमध अर्ल काकांचं पितळी पावडर मेजर. लखलखीत! हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल.

"खंडेनवमी ना आज," आई म्हणाली. "हत्यारं पुजतात आज. काळंकुट्ट होतं नुसतं. चिंच-मीठ लावून मस्त घासलं."

मी कपाळावर हात मारून खुर्चीत बसले.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या ऑक्शन हाऊसमध्ये कॅटलॉगर आहे. जुन्या वस्तू ओळखायच्या, फोटो काढायचे, वर्णन लिहायचं. माझा विषय रीलोडिंगची अवजारं. गोळी झाडली की पितळी पुंगळी मागे उरते. इथले हौशी नेमबाज ती टाकत नाहीत. घरीच तिच्यात नवी दारू भरून, नवी गोळी बसवून पुन्हा वापरतात. पावडर मेजर म्हणजे दांडी फिरवली की दर वेळी नेमकी तेवढीच दारू खाली सोडणारं माप. अशी जुनी मापं, प्रेस, साचे जमवणारे वेडे लोक इथे खूप आहेत. त्यांच्या जगात एकच मोठं पाप आहे, ते म्हणजे घासणं. जुन्या पितळेवर चढलेल्या तपकिरी थराला ते पॅटिना म्हणतात आणि त्याच्यावर जीव टाकतात. फोटोसाठी वीकेंडला मी अर्ल काकांचं मेजर घरी आणलं आणि आईने तो थर सिंकमध्ये सोडला.

अर्ल काका ऐंशीच्या पुढचे. घर विकून लेकीकडे राहायला निघालेले. बेसमेंटमधलं सगळं त्यांनी आम्हाला दिलं, हट्ट एकच होता. "हे वडिलांचं मेजर काचेच्या कपाटात जायला नको. कुणीतरी वापरू दे." मी म्हणाले होते, "लिलावात सर्वांत मोठी बोली ज्याची, वस्तू त्याची. माझ्या हातात काही नाही." त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

बॉसला फोन लावला.

"क्लीन केलं? कशाने?" लिंडाने विचारलं.

"टॅमरिंडने."

तिने तो शब्द मला दोनदा म्हणायला लावला. मग, "अर्लला तूच सांग. आजच."

आई हटूनच बसली. "घासलं मी, सांगणार मी." गाडीत मांडीवर मेजर घेऊन बसली. फूल तेवढं मी काढायला लावलं.

अर्ल काकांनी मेजर हातात घेतलं. उलटसुलट पाहिलं. दांडी फिरवली, खट्! आणि हसायलाच लागले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"डिअर सीझन, म्हणजे हरणांच्या शिकारीचा मोसम, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी डॅड आम्हाला हे घासायला बसवायचे. पुढे मी घासायचो. मनगट गेलं, तेव्हापासून काळं पडलं."

म्हणजे ज्याला मी कॅटलॉगमध्ये 'अस्सल जुना पॅटिना' लिहिणार होते, ते काकांच्या मनगटाचं दुखणं होतं! आईला मराठीत सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "बघ. यांचीही खंडेनवमी असते."

लिलावाच्या यादीत मी स्पष्ट लिहिलं: नुकतंच साफ केलेलं. काचेच्या कपाटवाले आमचे दोन नेहमीचे कलेक्टर आले. एकाने मेजर उचललं, नाक मुरडलं आणि विचारलं, "कुणी केलं हे?" पहिल्या रांगेतून साडीवर स्वेटर घातलेल्या आईने ऐटीत हात वर केला. नशीब, बोली अजून सुरू झाली नव्हती!

सुरू झाली तेव्हा दोघेही हाताची घडी घालून गप्प. बोली लावली ती एका शाळेतल्या शिक्षिकेने. जुन्या रायफलसाठी ती स्वतः काडतुसं भरते. आधी मेजरची दांडी तिने चांगली दहा वेळा फिरवून पाहिली होती, तेव्हाच मागून अर्ल काका ओरडले होते, "शेवटपर्यंत फिरव, अर्ध्यात सोडू नको!"

हातोडा पडला. अंदाजापेक्षा कमीच पैसे आले. लिंडाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. अर्ल काका मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांनी आईला मिठीच मारली. आई आधी अवघडली, मग त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "वापरतील हो, वापरतील." शब्द कळले नसतील, पण त्यांनी मान डोलावली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

नियम अजून तोच आहे: घासायचं नाही. फक्त आता पॅटिनाचं कौतुक लिहिण्याआधी मी मालकाला विचारते, "तुम्ही हे घासायचात का?"

डिअर सीझनच्या तोंडावर त्या शिक्षिकेचा ईमेल आला. मेजर पुन्हा काळवंडायला लागलंय, तुमच्या आईने काय लावलं होतं? आयसेलिनच्या भारतीय दुकानातून आणलेलं चिंचेचं अख्खं पाकीट मी तिला पोस्टाने पाठवलं.