सुषमाला रस्ता दाखवताना

आमच्याकडे ट्रिपचे फोटो मागू नका. फोन बदलले, फोटो गेले. किस्से मात्र कुठे जात नाहीत, उलट दरवर्षी वाढतात! पाहुणे आले, चहा टाकला, की कुणीतरी "तो जीपचा सांगा ना" म्हणतंच. एक सांगितला की दुसरा आपोआप जिभेवर येतो. म्हटलं, एकदा सगळे ओळीने सांगून मोकळी होते.

मंडळी पाचच. मी, माझे मिस्टर विलास, शेजारचा प्रमोद, त्याची बायको सुषमा आणि प्रमोदची आई. त्यांना आख्खी गल्ली काकू म्हणते. प्रमोद बँकेत, सुषमा महसूल खात्यात. प्रमोदकडे एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव.

त्या दसऱ्याला तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नवे जिल्हे म्हणजे नवी मंडलं, म्हणजे आमच्याकडचे तालुकेच, आणि नवी मंडलं म्हणजे नवे साहेब. त्या लाटेत सुषमाचं प्रमोशन निघालं. लग्नाआधीपासून क्लार्की करणारी बाई एकदम डिप्टी तहसीलदार! पण पोस्टिंग नव्या आसिफाबाद जिल्ह्यात, जंगलातल्या एका नव्या मंडलात. सोमवारी जॉइन व्हायचं, नाहीतर ‘नको’ असं लिहून द्यायचं. एकदा नको म्हटलं की पुन्हा नंबर कधी लागेल, देव जाणे.

सुषमाला जायचं होतं. तोंडाने म्हणत नव्हती, पण चेहऱ्यावर दिसत होतं. प्रमोदलाही दिसत होतं, म्हणून तर तो आमच्याकडे आला.

"वयनी, मी भांडत नाई. मी तिले फक्त रस्ता दाखवून आनतो. तंबू घेऊ, जंगलात राहू, समदे चला. तिकडचे हाल पाह्यले का सोताच नको म्हनते!"

काकू दारातूनच म्हणाल्या, "मंग मी बी येतो. घरी बसून कोनाचं तोंड पाहू?"

* * *

शनिवारी निघालो. उटनूर मागे पडलं, जंगल लागलं आणि प्रमोदची कॉमेंट्री सुरू झाली. प्रत्येक वळणावर तो जीप हळू करायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा, "सुषमा, पाह्य. इथं वाघ पानी प्यायले येते."

पुढचा ओढा आला. "इथं बी येते."

नंतर एक तळं. "इथं तर रोजच येते!"

सुषमा शांतपणे शेंगा सोलत होती. शेवटी काकू वैतागल्या. "काऊन रे बापा, एकटा वाघ, किती पानी पिऊन राह्यला तो?"

पुढचे दोन ओढे प्रमोदने गुपचूप पार केले.

* * *

दुपारी त्याने मुद्दाम चांगला रस्ता सोडला आणि कपाशीच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या वाटेला जीप घातली. हाल दाखवायचे होते ना! वर आम्हाला लेक्चर: "घाबरू नका. फोर-व्हील टाकली का माही जीप भितीवर चढते."

भिंत राहिली बाजूला, जीप काळ्या मातीत अशी बसली की दार उघडेना. प्रमोदने लिव्हर ओढला, गिअर बदलले, जीपला आधी गोंजारलं आणि मग शिव्या दिल्या. जीप आणखी खाली गेली.

शेजारच्या शेतात एक शेतकरी कापूस वेचायचं थांबवून हा सगळा खेळ बघत होता. तो बांधावर आला, चिखलात रुतलेल्या चाकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचे चार चाकं राहू द्या. मी माहे आठ पाय घेऊन येतो!"

आणि बैलजोडी घेऊन आला. बैलांनी जीप ओढून काढली तेव्हा विलासने टाळ्या वाजवल्या. प्रमोद त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही.

* * *

आमच्या ग्रुपचा एक जुना कायदा आहे: ज्याने गाडी फसवली त्याने स्वयंपाक करायचा. हा कायदा केला होता प्रमोदनेच, तेव्हा पळवाट नव्हती.

तंबू लागला, तीन दगडांची चूल मांडली आणि साहेब खिचडीला बसले. आयुष्यात पहिल्यांदा! सुषमा खुर्ची टाकून समोर बसली आणि मदतीला मुळीच उठली नाही. मीही उठले नाही. काय सुख होतं ते!

खिचडी वर कच्ची आणि खाली करपलेली. प्रमोद आईच्या तोंडाकडे बघत होता. काकूंनी पातेल्याचा तळ खरवडला, कुरकुरीत खपली चावून पाहिली आणि म्हणाल्या, "वा! भात बी केला अन् पापड बी!"

* * *

रविवारी सकाळी नव्या जिल्ह्याच्या हद्दीतल्या एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीच्या पाटीवर जिल्ह्याचं जुनं नाव खोडून नवं लिहिणं चाललं होतं. पेंटर नुकताच चहा प्यायला बसला होता.

प्रमोद म्हणजे फोन आला की टेकायला जागा शोधणारा माणूस. बोलता बोलता तो आरामात पाटीला टेकला. पांढरा शर्ट! फोन संपवून वळला तर पाठीवर निळ्या तेलुगू अक्षरांत उलटं ‘आसिफाबाद’!

आधी पेंटर किंचाळला. विलास मात्र गंभीरपणे पुढे झाला आणि त्याने प्रमोदशी हात मिळवला. "सुषमाचं अजून ठरून राह्यलं. तू तर जॉइन बी झाला!"

सुषमा इतकी हसली की चहा सांडला. त्या ऑर्डरनंतर मी तिला पहिल्यांदाच तसं हसताना पाहिलं.

* * *

त्याच दुपारी तिचं मंडल आलं. गाव बरं होतं, आठवडी बाजार भरला होता. ऑफिस एका जुन्या गोदामात थाटलेलं, रविवार म्हणून कुलूप. प्रमोदने खिडकीतून डोकावलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पाह्य सुषमा! टेबल हाये, कपाट हाये, खुर्चीच नाई! साहेबाले बसाले खुर्ची नाई!"

सुषमाने बराच वेळ आत पाहिलं. आदिलाबादच्या ऑफिसात नवा माणूस आला की टेबल बदलायचं ते हिचंच. खिडकीपासून दाराजवळ, दाराजवळून जिन्याखाली. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून वाटलं, आता ही रडणार. ही मात्र पदर खोचून वळली.

"बरं झालं. खुर्चीच नाई, तं मले उठवते कोन?"

मला तिचा इतका अभिमान वाटला की तिथेच मिठी मारावीशी वाटली. प्रमोदचा चेहरा पडला. "हासन्यावारी नेऊ नको. उद्या दुपारी आदिलाबादले पोचू, नको म्हनून लिहून दे अन् मोकळी हो." बाजारातून तिने वांगी घेतली.

* * *

गावाबाहेरच्या ओढ्याकाठी मुक्काम केला. सोमवारी नऊच्या सुमारास प्रमोदने सगळ्यांना घाईघाईने जीपमध्ये कोंबलं. ओढा ओलांडला की आदिलाबादची वाट. जीप पाण्यात उतरली, चार हात गेली आणि गाळात बसली.

पुढे सगळं पाणी, मागे काठ जवळ. म्हणजे जीप उलटी ढकलायची. विलास, प्रमोद आणि मी खाली उतरलो. काकूंनी पाण्यात पाय घालायला साफ नकार दिला, त्या मागच्या सीटवर मांडी घालून बसून राहिल्या. प्रश्न होता, स्टीअरिंगवर कोण? सुषमाकडे लायसन्स होतं, पण बायकांच्या हाती गेली की जीपचा क्लच जळतो, असं प्रमोदचं ठाम मत. आज इलाज नव्हता.

"फक्त स्टीअरिंग धर अन् रिव्हर्स टाक. बाकी आमी पाहून घेतो!"

आम्ही पुढून जोर लावला. सुषमाने फोर-व्हील टाकली, रिव्हर्स टाकला आणि पाय दिला. चाकं गरगरली, ओढ्याचा सगळा गाळ प्रमोदच्या अंगावर! डोळे सोडले तर माणूस ओळखू येईना. आणि जीप? सरसर मागे जाऊन काठावर चढली.

"शाब्बास!" प्रमोद ओरडला. "आता थांब तिथंच, मी येतो!"

जीप थांबली नाही. काठावर झोकात वळली आणि गावाकडे तोंड करून निघाली.

"अवं सुषमा! कुठं चालली?"

सुषमाने मागे पाहिलं नाही. काकूंनी मात्र मागच्या पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "टाइम होऊन राह्यला ना! पह्यल्याच दिशी लेट जाईन का ते?"

"अन् मी?"

काकूंनी लेकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू आंग धुऊन ये बापा. मॅडमच्या हापिसात असा येऊ नको!"