कारणाचा रकाना

बुधवारी सकाळी सव्वादहाला माझी बहीण वारली. तिच्या पोटात पाच महिन्यांचा गर्भ होता.

हे लिहायला बसेपर्यंत आठ महिने गेले. मी चेन्नईतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमचं घर तंजावरकडच्या मराठी माणसांचं; कुठलाही सरकारी कागद आला की तो आधी माझ्यापुढे येतो. मी वाचते, अर्थ सांगते, फॉर्म भरते. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देत नाही, असं घरात कौतुकाने म्हणत.

पहिल्या बाळंतपणात बहिणीचं हृदय कमजोर झालं. मुलगी सुखरूप झाली, पण पुन्हा दिवस जाता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळ्या तिला चालणाऱ्या नव्हत्या आणि ऑपरेशनसाठी भूल द्यायला ते तयार नव्हते. मग तांबी बसवली. हा शब्द मी पुण्याहून येणाऱ्या मासिकांत वाचला होता. तिला तो फार आवडला, कारण तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. ‘‘तांबी बसवली की तंबी येत नाही,’’ असं ती चारचौघांत म्हणायची आणि आई पदर तोंडावर घ्यायची. पुढे त्या तांबीने त्रास दिला आणि ती काढावी लागली.

डॉक्टरांनी दुसरं साधन सुचवलं. तेही आत बसवायचं, पण संप्रेरकाचं, आणि बरंच महाग. मेहुणे गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात असल्याने सरकारी विम्याचं कार्ड होतं. हृदयाच्या तपासण्या, औषधं, सगळं त्यावरच चाले. म्हणून आम्ही दोघी हॉस्पिटलातल्या विम्याच्या खिडकीवर गेलो.

खिडकीमागच्या बाईंनी तमिळमध्ये विचारलं, ‘‘कारण?’’

‘‘गर्भ राहू नये म्हणून,’’ मी म्हटलं.

‘‘अम्मा, गरोदरपण हा आजार नाही. मग ते टाळणं उपचार कसा होईल?’’

‘‘हिला दिवस गेले तर ही जगणार नाही.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. आवाज उतरवून त्या म्हणाल्या, ‘‘पाळीत फार रक्तस्राव होतो अशा बायकांनाही हेच बसवतात. त्याला मंजुरी आहे. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांकडून तेवढं लिहून आणा. उद्या काम होईल.’’

बहिणीने माझा दंड धरला. ‘‘सरी, चालेल अक्का, लिहू दे की.’’

‘‘होतो का तुला रक्तस्राव?’’

‘‘होतो म्हणू. कोण बघायला येतंय?’’

‘‘खोटं आहे ते.’’

‘‘अय्यो! लायब्ररीत बसून बसून तू पुस्तकच झालीस. तेही कोणी घरी न नेणारं.’’

साधन विकत घेण्याइतके पैसे माझ्याकडे होते. पण मेहुण्यांच्या पगारातून दर महिन्याला विम्याचा हप्ता कापला जात होता. तिच्या जिवाला लागणारी गोष्ट खऱ्या कारणाने, हक्काने मिळाली पाहिजे, असं मला वाटलं. मी वरिष्ठ कार्यालयाला अर्ज लिहिला. तीन पानं, शुद्ध तमिळमध्ये. तिने वाचला आणि म्हणाली, ‘‘सुंदर झालाय. पाठ करू का?’’ मग अर्ज परत देत, ‘‘यांनाच सांगू का ऑपरेशन करून घ्यायला?’’

‘‘सांग ना.’’

‘‘ते? सुई दिसली की भिंत धरतात.’’

आम्ही हसलो. मेहुण्यांशी त्याबद्दल नीट कुणीच बोललं नाही, मीही नाही.

अर्जाची पोच आली. नंतर एक पत्र आलं, विचार चालू असल्याचं. मी ते फाइलला लावलं. उत्तर येईपर्यंत जपून राहा, असं तिला सांगितलं. कसं जपायचं, हे मी, लग्न न केलेली मोठी बहीण, तिला काय सांगणार होते?

तिची पाळी तशीही वेळेवर नसायची. कळलं तेव्हा चौथा महिना संपत आला होता. दाखल केलं. आधी हृदय सावरू, मग गर्भ काढू, असं डॉक्टरांनी ठरवलं. हृदय सावरलं नाही. शेवटच्या दिवसांत मी शेजारी बसून असायची. ती अर्जाबद्दल एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात तिची राहिलेली कागदपत्रं आणायला त्या खिडकीवर गेले. काचेवर विम्यात मिळणाऱ्या उपचारांची नवी यादी चिकटवली होती. ते साधन आता तिच्यात आहे. गर्भ टाळणं हेच कारण लिहिलं तरी चालतं. बाई त्याच होत्या. त्यांनी मला ओळखलं, यादीकडे बघितलं आणि कागद पुढे सरकवले. माझ्यासारखे किती अर्ज गेले असतील आणि त्यांच्यामुळे हे झालं की आपोआप झालं, मला माहीत नाही. यादी योग्य आहे. मी मागितलं तेच तिच्यात आहे. तरी ती यादी शेवटपर्यंत न वाचता मी कागद उचलले.

रक्तस्राव हा एक शब्द मी लिहू दिला असता तर तिला साधन दुसऱ्या दिवशी मिळालं असतं. त्या दिवशी खिडकीशी आम्ही दोघीच होतो. मेहुण्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.